संशोधिकेचा अर्ज कोणत्या टेबलावर?

संपादक महाशयांस,


डॉक्टरेट संपादन केलेल्या स्त्रिया पुढील पाचसात वर्षांत संशोधनाच्या वाटेवरून नाहीशा का होतात, असा प्रश्न निघाला की जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांचे नाव आदराने घेतले जाते, आणि जिद्दीपुढे सर्व साध्य असते, असे तात्पर्य काढून श्रोते समाधानाने घरी जातात. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवून परतलेल्या या विदुषीने प्रथम दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात, नंतर कुन्नूरच्या पोषण-प्रयोगशाळेत काम केले आणि १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईस आल्या, हे खरे. परंतु त्याच सुमारास तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाचा विभाग नव्याने उघडला नसता, तर त्या जिद्दीने काय करावयाचे होते? पतीचे गाव आणि रिकामी जागा यांचा असा योग कितीजणींच्या कुंडलीत असतो?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी विवाहामुळे अथवा अन्य कारणाने स्थलांतर करणाऱ्या विद्यार्थिनीस आपले संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची मुभा दिली. पण पदवी हाती पडताच ही दयाबुद्धी संपते. सरकारी नोकरास पती-पत्नी एकत्रीकरणाचा अर्ज तरी करता येतो. अधिछात्रवृत्तीवरील संशोधिका मात्र दप्तरी कर्मचारीच ठरत नसल्यामुळे तिचा अर्ज कोणत्या टेबलावर ठेवावा, हे कोणासच उमगत नाही. मग ती नव्या गावी तासिका तत्त्वावर शिकवू लागते, आणि पुढे निवड समितीसमोर परदेशी प्रयोगशाळेत दोन वर्षे काढलेल्या उमेदवाराचे स्थलांतर 'अनुभव', तर हिचे 'खंड' ठरते. (माझ्या मुलाखतीत, "यजमानांची पुन्हा बदली झाली तर?" असे मला विचारण्यात आले होते, यजमानांना माझ्याविषयी तसे कोणी कधी विचारले नाही.)

तेव्हा पदवीनंतरची वर्षे मोजताना प्रसूती व स्थलांतराचा काळ वजा व्हावा, आणि अधिछात्रवृत्ती संस्थेच्या नावे न राहता संशोधिकेच्या नावे असावी, म्हणजे तिला ती नव्या गावी बिनदिक्कत नेता येईल. दोन्हींस नवा पैसा फारसा लागत नाही. लागते ती केवळ परिपत्रकावरील एक सही.

आपल्या वाचकांत निवड समित्यांवर बसणारे पुष्कळ असतील. पुढील मुलाखतीत तो बदलीचा प्रश्न त्यांनी एखाद्या पुरुष उमेदवारासही विचारून पाहावा, ही विनंती.

कळावे,
आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, पुणे