झिजणारे घड्याळ, वाढणारी किंमत

इजिप्तचा राजा फारूक याचे एक सोन्याचे मनगटी घड्याळ मार्च २०२१ मध्ये दुबईच्या लिलावात ९ लाख १२ हजार ५०० डॉलरांना विकले गेले. जिनिव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीने १९४१ ते १९५४ या काळात या प्रकारची, म्हणजे १५१८ क्रमांकाची, सुमारे २८१ घड्याळे तयार केली. फारूकचे घड्याळ १९४४ सालचे. जुलै १९५२ च्या क्रांतीने राजाला सिंहासनावरून खाली खेचले. घड्याळावरील त्याचा मुकुट मात्र लिलावात उपयोगी पडला. जुनी, दुर्मिळ सोनेरी क्रोनोग्राफ जमवणे हा धनिकांचा निरुपद्रवी छंद होय, असे मानण्याचा प्रघात आहे. तो प्रघात तपासून पाहण्याजोगा आहे.

पहिला प्रश्न असा की, ही किंमत येते कोठून? सोन्यातून निश्चितच नाही. याच १५१८ क्रमांकाचे पोलादी घड्याळ नोव्हेंबर २०१६ मध्ये जिनिव्हात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीला गेले. कारण एवढेच, की तशी पोलादी घड्याळे जगात केवळ चार ज्ञात होती. पोलादाने सोन्याला मागे टाकले! श्रम दोहोंत सारखेच, यंत्र तेच. म्हणजे किंमत ठरली ती धातूने नव्हे, श्रमानेही नव्हे. ती ठरली इतरांपाशी नसण्याने.

वस्तुतः घड्याळाइतकी सामूहिक श्रमाची साक्ष देणारी वस्तू दुर्मिळ. मार्क्सने ‘भांडवल’ ग्रंथात श्रमविभागणीचे उदाहरण म्हणून घड्याळच निवडले आणि ला शो-द-फाँ हे स्विस गाव म्हणजे घड्याळांचा एक प्रचंड कारखानाच असल्याचे नमूद केले. पण लिलावात भाव चढतो तो पूर्वीच्या मालकाच्या नावाने, चक्रे घासणाऱ्या हातांच्या नावाने नव्हे. १९७० नंतरच्या दीड दशकात क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत स्विस घड्याळधंद्यातील निम्म्याहून अधिक नोकऱ्या नाहीशा झाल्या. त्या हातांची बेकारी आणि त्यांच्या कृतींची तेजी यांचा हिशेब कोणी एकत्र मांडत नाही.

क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉच जोडलेले घड्याळ. वैद्याला नाडी मोजण्यास, तोफखान्याला अंतर मोजण्यास त्याचा उपयोग झाला, तसा स्टॉपवॉचचा उपयोग मालकवर्गाला कामगाराचा सेकंदन् सेकंद पिळून घेण्यासही झाला. टेलरच्या ‘शास्त्रीय व्यवस्थापना’चे तेच हत्यार. १९११ मध्ये अमेरिकेतील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात एका साचेकाम करणाऱ्या कामगाराने स्टॉपवॉचपुढे काम करण्यास नकार दिला आणि त्याचे सहकारी संपावर गेले. १९१५ मध्ये अमेरिकन काँग्रेसला सरकारी शस्त्रागारांत अशा मोजणीवर बंदी घालावी लागली. जे यंत्र श्रमिकाच्या क्षणाक्षणावर पहारा देत होते, त्याचेच सोनेरी भावंड आज तिजोरीत निश्चल पडून आहे. मालकाला वेळ मोजण्याची गरजच उरलेली नाही.

संग्राहकांमुळे जुने कौशल्य टिकते, दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना काम मिळते, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. हौसेने एखादे जुने घड्याळ चालते ठेवणाऱ्याशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. परंतु किल्लीही न देता, केवळ भाव वाढण्याची वाट पाहत कुलुपात ठेवलेल्या घड्याळाने कोणते कौशल्य टिकते?

खरी गोम करकायद्यात आहे. ब्रिटनमध्ये घड्याळ हे यंत्र, आणि यंत्राचे आयुष्य पन्नास वर्षांच्या आतले, असे कायद्याने गृहीत धरले आहे. म्हणून ती ‘झिजणारी मालमत्ता’, आणि खाजगी मालकाला तिच्या विक्रीतील नफ्यावर भांडवली लाभकर नाही. ऐंशी वर्षांचे घड्याळ जितके जुने तितके महाग विकले जाते. कायदा मात्र ते केव्हाच झिजून संपले असे समजतो. मजुराच्या वेतनातून कर आधी कापला जातो, आणि तिजोरीत आपोआप वाढणारे धन मोकळे सुटते.

छंदावर बंदी घालण्याचे कारण नाही. पण जे झिजत नाही त्याला झिजणारे म्हणण्याचे हे नाटक बंद झाले पाहिजे. सट्ट्याच्या नफ्यावर इतर नफ्याप्रमाणे कर बसवावा, ही किमान न्यायाची मागणी आहे. श्रमिकाच्या वेळेचा हिशेब सेकंदात घेणाऱ्या समाजाने धनिकाच्या नफ्याचा हिशेब वर्षातून एकदा तरी घ्यावा.