अडईला बिऱ्हाड हवे आहे!

बदक झाडावर बिऱ्हाड करते, असे कुणी सांगितले तर आपण त्याच्याकडे जरा संशयानेच पाहू. पण अडई हे तपकिरी रानबदक खरोखरच झाडाच्या ढोलीत अंडी घालते. चिमुकले काणूक आणि चोचीवर फुगवटा मिरवणारा नकटा ही मंडळीही त्याच पंथातली. पोट पाण्यावर आणि संसार झाडावर!

अडचण एवढीच की, सुतारपक्ष्यासारखी ढोली कोरण्याची विद्या बदकाला नाही. फांदी मोडावी, पाणी मुरावे, आतले लाकूड कुजावे, तेव्हा कुठे एखाद्या जुन्या आंब्यात जागा तयार होते. आणि आपण? पोकळ झाड म्हणजे निकामी झाड, असे समजून पहिली कुऱ्हाड त्यालाच लावतो.

सातारा जिल्ह्यातली येरळा सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. तिच्या खोऱ्यात मायणी, येरळवाडी असे पक्ष्यांचे तलाव आहेत. मायणीचा परिसर २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. पाण्याची काळजी घेणारे कुणी मिळाले. म्हाताऱ्या झाडांचे काय? सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा, चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड २०२० मध्ये महामार्गाच्या कामात जाणार होता. लोक उभे राहिले, आखणी बदलली, वड वाचला. पण २०२२ च्या पावसाळ्यात तो आपण होऊनच कोसळला. तसा वड पुन्हा उभा राहीपर्यंत आपली नातवंडे म्हातारी होतील. तोवर पाखरांनी कुठे जावे?

मधल्या काळापुरता उपाय आहे लाकडी खोक्याचा. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९३७ पासून ढोलीतल्या बदकांसाठी असे खोके लावले गेले. टेक्सासमध्ये तर आपल्या अडईच्या चुलत बहिणी त्यांत सुखाने नांदतात. म्हणून म्हणतो, दिवाळीच्या सुटीत मुलांना हाताशी घेऊन एक खोका कराच.

सातारा-सांगलीकडे जुने वाडे पाडले जातात, तेव्हा निघालेल्या सागवानी फळ्या यासाठी उत्तम. आतून दहा इंच लांब, दहा इंच रुंद आणि दोन फूट उंच असा खोका स्क्रूने जोडावा. तळापासून दीड फुटावर, चार इंच रुंद व तीन इंच उंच असे लंबगोल दार ठेवावे. तळाला चार-पाच भोके पाडावीत, छप्पर उतरते करावे आणि साफसफाईसाठी एका बाजूला बिजागरीची झडप बसवावी. आतून रंग नको, रंधाही नको. उलट दाराखाली पटाशीने आडव्या खाचा पाडाव्यात. त्या पिल्लांच्या जिन्याच्या पायऱ्या! अंड्यातून निघाल्यावर एक-दोन दिवसांतच आई खालून साद घालते आणि पिल्ले खाचांवरून चढून धडाधड उड्या टाकतात. वजन ते केवढे! काही लागत नाही. बदक काड्या आणत नाही, म्हणून तळाशी रंध्याच्या छिलक्यांचा तीन-चार इंच थर द्यावा. बारीक भुसा नको, तो पाणी धरतो.

खोका पाण्याकाठी, लोखंडी खांबावर दहा-बारा फूट उंच बसवावा. खांबाला पत्र्याची नरसाळ्यासारखी टोपी घातली की साप-मुंगुसांची वाट बंद. वीण पावसाळ्यात असते, म्हणून मे महिन्यातच उभारणी व्हावी. मात्र तलाव कुणाचा आहे ते पाहून ग्रामपंचायतीची वा वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. आणि एकदा बिऱ्हाड आले की झडप उघडून डोकावणे बंद. अंड्यांना हात लावणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे.

पहिल्या वर्षी अडई न येता साळुंकी येईल, कदाचित पिंगळाही येईल. येऊ द्या. पण खोका टांगला म्हणून बांधावरचा पोकळ आंबा तोडायला मोकळे झालो, असे कुणी समजू नये. खोका फार तर काही पावसाळे टिकेल. आंब्याच्या त्या ढोलीत अडईच्या पिढ्यान् पिढ्या वाढल्या असतील, आणि तिने कधी पागडी मागितलेली नाही!