रक्तातला दोष, पायातला काटा

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याच्या कापूसपट्ट्यात मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. तेथे अनवाणी राबणाऱ्या मधुमेही शेतकऱ्याच्या पायाची संवेदना हरपली, तर रुतलेला काटाही त्यास कळत नाही. जखम चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. साखर सारखीच असताना एकाचे मज्जातंतू झिजतात, दुसऱ्याचे शाबूत राहतात, हे कसे? ग्लुकोजपासून सॉर्बिटॉल बनविणाऱ्या अल्डोज रिडक्टेज या विकराच्या जनुकातील भेद यास काही अंशी कारणीभूत असावेत, असे संशोधन सुचविते. परंतु ‘रक्तातच आहे’ म्हणून हातपाय गाळणे आत्मघातकी ठरेल. जनुक बदलता येत नाही. साखरेवर नियंत्रण, पायात वहाण आणि वेळेवर तपासणी मात्र आपल्या हाती आहे. तळव्यास नायलॉनचा तंतू टेकवून संवेदना पाहण्यास मोजकीच मिनिटे लागतात.

हे दुखणे केवळ दूरच्या आदिलाबादचे नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यातच आढळले. प्रत्येक आरोग्य केंद्रात मधुमेह्याचे पाय वर्षातून एकदा तरी तपासले गेलेच पाहिजेत. शासनाने हे मनावर घ्यावे.