बांधकाम वाढले, बांधणारा कोठे?

शेतीखालोखाल देशात सर्वाधिक हातांना काम देणाऱ्या धंद्यांत बांधकामाची गणना होते. सिमेंट, पोलाद, वीटभट्ट्या, वाहतूक यांची भरभराट त्याच्यावर अवलंबून असते. म्हणूनच राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात त्याचा गौरव होतो. परंतु ज्या गवंड्या-बिगाऱ्यांच्या श्रमातून ही संपत्ती उभी राहते, त्यांतील असंख्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

१९९६ साली संसदेने कायदा करून बांधकामाच्या खर्चावर किमान १ टक्का उपकर बसविला आणि तो पैसा मजुरांच्या कल्याणासाठी राखला. निधी साचत गेला; मजुराच्या हाती फारसे काही पडले नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल सरकारांना खडसावले. २०२० च्या टाळेबंदीत त्याच निधीतून साहाय्य देण्यात आले, ते नोंदणी झालेल्यांनाच. त्याच वर्षीच्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही नोंदणीसाठी वर्षात ९० दिवसांच्या कामाची अट कायम ठेवली. नाक्यावर रोज नवा मालक गाठणाऱ्याला त्याचा दाखला देणार कोण?

हा निधी म्हणजे भीक नव्हे. तो श्रमिकांचा हक्क आहे. दाखला, नोंदणी आणि मजुरी या प्रश्नांवर मजूर नाक्यांवरच संघटना बांधणे, हे कार्यकर्त्यांचे आजचे कर्तव्य होय.