रोहित पक्षी मे महिन्याची वाट पाहत नाहीत

आकुर्डी परिसरातील व्यापारी कुटुंबांची सहल बहुधा मे महिन्यावर जाते. मुलांच्या परीक्षा आणि मार्चअखेरचे हिशेब, दोन्ही तोवर उरकलेले असतात. परंतु भिगवणचे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, पाहावयाचे असतील तर मे महिना उशिराचा ठरतो. तोवर बहुतेक थवे निघून गेलेले असतात.

भिगवण आकुर्डीपासून सोलापूर रस्त्याने सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, इंदापूर तालुक्यात आहे. भीमा नदीवर १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा येथवर पोहोचतो. पावसाळ्यानंतर जलाशय तुडुंब असतो. रोहिताला मात्र उथळ पाणी लागते. त्यात उभा राहून, बाकदार चोच उलटी बुडवून तो शेवाळ आणि सूक्ष्म जीव गाळून खातो. शेतीसाठी पाणी सोडले जाऊ लागले की काठ उघडे पडतात आणि मग थवे उतरतात. त्यामुळे दिनदर्शिकेपेक्षा पाण्याची पातळी पाहून दिवस ठरवावा. साधारणतः जानेवारी ते मार्च हा काळ उत्तम असतो. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंसही याच थंडीत येथे दिसतात.

व्यापाऱ्याच्या वर्षात संक्रांतीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा एखादा रविवार यासाठी सोयीचा. आधी कुंभारगाव किंवा डिकसळ येथील नावाड्याला दूरध्वनी करून पाणी किती उतरले आहे, हे विचारावे. सूर्योदयाला काठावर पोहोचायचे, तर पहाटे चारच्या आत निघावे. तेथील खानावळी माशांसाठी प्रसिद्ध आहेत. म्हणून न्याहारीचा डबा घरूनच न्यावा.

एक पथ्य मात्र अवश्य पाळावे. छायाचित्रासाठी नाव थव्याच्या अगदी जवळ नेली की पक्षी उडतात. ते दृश्य देखणे असते. पण त्या उड्डाणात पक्ष्याची शक्ती खर्च होते आणि चरणेही थांबते. दिवसातून अनेक नावा असेच करू लागल्या, तर थवा ती जागाच सोडतो. मग हंगामावर पोट असलेल्या नावाड्याचेही नुकसान होते. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणणे त्याला जड जाते, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगावयास नको. तेव्हा नाव सुटण्यापूर्वी गिऱ्हाइकानेच सांगावे, “दादा, लांबूनच दाखवा.” दुर्बीण जवळ असली की तेवढे अंतर पुरेसे असते.