चार डिस्कचा सर्व्हर: रेड ५, रेड ६ की रेड १०? डहाणूतल्या एका सर्व्हरची गोष्ट

२६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि ७०९ सरकारी सिस्टिम बंद पडल्या. पुढे बऱ्याच सुरू झाल्या. पण 'जी-ड्राइव्ह' या सरकारी क्लाउडमधला ८५८ टीबी डेटा गेला तो गेलाच. कारण त्याची दुसऱ्या ठिकाणी कॉपीच नव्हती.

ही बातमी मला पुन्हा आठवली डहाणूत. माझे काही मित्र डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर फिरून तारपावादन आणि वारली लग्न लावणाऱ्या धवलेरींची गाणी रेकॉर्ड करतात. सगळं सुट्या पोर्टेबल डिस्कवर पडलेलं. आता ८ टीबीच्या चार डिस्कचा सर्व्हर घ्यायचा होता. प्रश्न मला आला, "डिस्क लावायच्या कशा?" गाणाऱ्या बऱ्याच जणी म्हाताऱ्या आहेत. फाइल उडाली तर पुन्हा रेकॉर्डिंग होईलच असं नाही.

पर्याय तीन होते:

रेड ५: जागा २४ टीबी. एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत.

रेड १०: दोन-दोन डिस्कच्या जोड्या, जोडीत एकमेकींची कॉपी. जागा १६ टीबी. एक गेल्यावर नेमकी तिची जोडीदार गेली तर खेळ खल्लास.

रेड ६: जागा १६ टीबीच, पण कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतं. लिहिण्याचा वेग थोडा कमी.

मित्रांचा कल रेड ५ कडे. ८ टीबी जास्त मिळतात ना! पण खरी परीक्षा डिस्क गेल्यावर सुरू होते. नवी डिस्क लावली की उरलेल्या तिन्ही पूर्ण वाचून डेटा परत बनवावा लागतो. सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तरी ८ टीबीला साधारण १५ तास. तेवढ्यात दुसरी गेली तर सगळंच गेलं. आणि चारही डिस्क एकदमच घेतलेल्या, म्हणजे म्हातारपणही साधारण एकदमच येणार.

त्यात नवी डिस्क आणायची कुठून? ऑनलाइन मागवा नाहीतर डहाणू रोडहून लोकल पकडून लॅमिंग्टन रोड गाठा. म्हणजे धोका १५ तासांचा नाही, काही दिवसांचा. म्हणून मी रेड ६ सांगितलं.

पण रेडचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे: डिस्क एकेकट्या बिघडतात. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडी परिसरातल्या लोकांनी कित्येक रात्री घराबाहेर काढल्या. धक्क्याने सर्व्हर कपाटावरून पडला, तर चारही डिस्क एकत्र पडतील. आग आणि चोरीचं तेच. आणि कोणी चुकून फोल्डर डिलीट केलं, तर रेड तेसुद्धा इमानदारीत सगळीकडे डिलीट करतं. रेडमुळे काम चालू राहतं. रेड म्हणजे बॅकअप नाही.

शेवटी ठरलं ते असं: रेड ६, सोबत यूपीएस, सर्व्हर जमिनीलगत घट्ट बसवलेला आणि दोन बाहेरच्या डिस्क. एक डहाणूत, एक पुण्यात माझ्या घरी. दर महिन्याला अदलाबदल.

बजेट कमी असेल तर? दोन डिस्कची जोडी लावा आणि तिसरी दुसऱ्या गावात ठेवा. बॅकअप नसलेल्या रेड ६ पेक्षा हे कधीही बरं.

तुमच्या फोनलाही हेच लागू आहे. फोटो क्लाउडला 'सिंक' असतील, तर फोनमधून डिलीट केलेला फोटो बहुतेक वेळा क्लाउडमधूनही जातो. म्हणून महत्त्वाचे फोटो वेगळ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर काढून घरच्याच दुसऱ्या कोणाकडे, दुसऱ्या गावी ठेवा. आणि त्यातली एक तरी फाइल आजच उघडून बघा. आम्ही तपासलं तेव्हा आमच्या एका जुन्या डिस्कवरची तीन गाणी उघडलीच नाहीत.