रक्ताची मतदारयादी

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात अमेरिकेतल्या चेरोकी राष्ट्राच्या निवडणुकीचा विषय निघाला, तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने सरळ विचारले, "आदिवासींनी आपला प्रमुख कसा निवडायचा हे कोर्टाने का सांगावे? त्यांचे ते बघून घेतील." प्रश्न प्रामाणिक होता. आपल्यापैकी अनेकांच्या मनात पहिल्यांदा हेच येते, कारण एका बाजूला मूळ रहिवासी आणि दुसऱ्या बाजूला सरकार, कोर्ट असे चित्र दिसले की आपण कोणाच्या बाजूला जायचे हे विचारावेच लागत नाही. पण या प्रकरणात शोषित नेमका कोण, यावरच सगळा खटला उभा होता.

चेरोकींची जमीन हिसकावून त्यांना १८३८-३९ मध्ये सैन्याच्या पहाऱ्यात आजच्या ओक्लाहोमाकडे हाकलले गेले. वाटेत सुमारे चार हजार माणसे मेली असे मानतात. हा इतिहास आपण व्याख्यानांत सांगतो. त्याच वाटेवर चेरोकींच्या मालकीचे काळे गुलामही चालत होते, हे मात्र आपण सांगत नाही. गोऱ्यांचे पाहून चेरोकींमधल्या धनिकांनी मळे उभारले, गुलाम विकत घेतले आणि यादवी युद्धात चेरोकी राष्ट्राने गुलामगिरीवाल्या दक्षिणेशी करार केला. युद्धानंतर १८६६ मध्ये अमेरिकेशी नवा तह झाला. त्याच्या नवव्या कलमाने मुक्त झालेल्या गुलामांना आणि त्यांच्या वंशजांना मूळ चेरोकींचे सर्व हक्क दिले. याच लोकांना 'फ्रीडमेन' म्हणतात. या तहानंतर सातच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहून ती अमेरिकेत गुलाम मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. त्या मुक्त माणसांच्या नातवंडा-पतवंडांचे पुढे काय झाले, हे जाणून घेणे आपले कामच आहे.

पुढे डॉज आयोगाने जमीन वाटपासाठी याद्या केल्या. एक यादी रक्ताच्या चेरोकींची, एक फ्रीडमेनची. अनेक कुटुंबांत आजी चेरोकी आणि आजोबा काळा असे होते. अशांना कारकुनाने चेहरा बघून फ्रीडमेनच्या यादीत टाकले आणि त्या यादीत चेरोकी रक्ताचा रकानाच ठेवला नाही. रकाना कोणी आखला आणि त्यात काय लिहिले, यावर पिढ्या कशा अडकतात, हे जातीच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

१८६६ चा तह कायम असताना १९८३ मध्ये चेरोकी राष्ट्राच्या प्रमुखपदाच्या निवडणुकीत फ्रीडमेन मतदानाला गेले, तेव्हा त्यांना दारातूनच परत पाठवले गेले. आदल्या निवडणुकीत मत दिलेली माणसे होती त्यांत. आता रक्ताचा दाखला हवा, असे सांगण्यात आले. हे लोक विद्यमान प्रमुखांच्या विरोधकाला मत देणार म्हणून त्यांना अडवले, असा आरोप तेव्हाच झाला. ते कोर्टात गेले. पण राष्ट्राला सार्वभौम संरक्षण आहे, असे म्हणून संघीय कोर्टाने दावा फेटाळला.

आता आमच्या त्या मित्राने नीट ऐकावे असा भाग. पुढचा विजय वॉशिंग्टनने दिलेला नाही. ल्युसी ॲलन या फ्रीडमेन वंशाच्या बाईंनी चेरोकींच्याच न्यायालयात दाद मागितली. त्यांची बाजू मांडणारे डेव्हिड कॉर्नसिल्क रक्ताने चेरोकी, आणि व्यवसायाने वकीलही नव्हेत. मार्च २००६ मध्ये चेरोकी न्यायाधीशांनी दोन विरुद्ध एक असा निकाल दिला की फ्रीडमेन नागरिक आहेत. म्हणजे समतेचा आग्रह बाहेरून आयात झालेला नव्हता. तो मोडून काढला तो बहुमताने. मार्च २००७ मध्ये घटनादुरुस्तीवर मतदान घेतले गेले, सुमारे ७७ टक्के मते रक्ताच्या अटीच्या बाजूने पडली आणि २,८०० च्या आसपास फ्रीडमेनचे नागरिकत्व धोक्यात आले. राजकीय बहुमत आणि जमातीचे बहुमत यांत बाबासाहेबांनी जो फरक केला होता, तो इथे आकड्यांत दिसतो. जन्मानेच ठरलेले बहुमत कधी बदलत नाही. त्याच्यासमोर अल्पसंख्याकाने प्रचार तरी कसला करायचा?

यादीतल्या थोड्या नावांनी काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. २०११ ची प्रमुखपदाची निवडणूक बघा. चॅड स्मिथ विद्यमान प्रमुख, बिल जॉन बेकर आव्हान देणारे. पहिल्या मोजणीत बेकर ११ मतांनी पुढे. मग स्मिथ ७ मतांनी. फेरमोजणीत बेकर २६६ मतांनी. पुन्हा मोजले तर स्मिथ ५ मतांनी. शेवटी चेरोकी सर्वोच्च न्यायालयाने हात टेकले आणि नवी निवडणूक लावली. आणि त्या नव्या मतदानाच्या तोंडावर, ऑगस्टमध्ये, त्याच न्यायालयाने २००७ ची दुरुस्ती वैध ठरवून फ्रीडमेनना बाहेर काढले. जिथे पाच-सात मतांवर सत्ता हलते, तिथे कोणाला यादीत ठेवायचे हाच खरा निकाल असतो.

मग अमेरिकी सरकार मधे पडले. गृहनिर्माणाचे सुमारे ३.३ कोटी डॉलर अडवले आणि ही निवडणूक मान्य करणार नाही असे कळवले. त्यावर आम्ही टाळ्या वाजवणार नाही. ज्या सरकारने जमीन लुटली त्याने गरिबांच्या घरांचा पैसा रोखून समता शिकवावी, हे पचत नाही. पत्र पाठवणारे अधिकारी लॅरी एको हॉक स्वतः पॉनी जमातीचे होते म्हणूनही पचत नाही. पण परिणाम नाकारता येत नाही. सप्टेंबरमध्ये कोर्टात समझोता झाला, फ्रीडमेनसाठी मतदानाचे दिवस वाढवले आणि बेकर निवडून आले.

२०१७ मध्ये संघीय न्यायाधीश थॉमस होगन यांनी दिलेला निकाल आम्हाला त्या धमकीपेक्षा मोलाचा वाटतो. नागरिक कोण हे ठरवण्याचा अधिकार चेरोकींचाच, पण तो मूळ चेरोकी आणि फ्रीडमेन यांना सारखाच लावावा लागेल, कारण दोघांचा हक्क एकाच तहातून येतो. सार्वभौमत्व सांगताना तह दाखवायचा आणि नवव्या कलमाशी आल्यावर तो मिटून ठेवायचा, हे चालणार नाही. चेरोकी सरकारने अपील केले नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनेतून 'रक्ताने' हा शब्दच काढायला लावला. उमेदवारीची रक्ताची अटही त्यासोबत गेली. ज्या मॅरिलिन व्हॅन २००३ पासून कोर्टात लढत होत्या, त्यांना त्याच वर्षी चेरोकी सरकारच्या पर्यावरण आयोगावर नेमले गेले.

हे सगळे आम्ही लिहितो आहोत कारण आपल्या चळवळीतही अलीकडे रक्त फार बोलू लागले आहे. डीएनएचे अहवाल फिरतात, मूळ कोण आणि परके कोण याच्या याद्या निघतात. मूलनिवासी हा शब्द वापरणाऱ्या साथींचा राग आम्हाला समजतो. पण बाबासाहेबांनी जातीचे मूळ वंशात शोधणे स्पष्ट नाकारले होते, आणि ते गोऱ्या-ब्राह्मणांना बरे वाटावे म्हणून नव्हे. रक्तावर हक्क मोजायला बसलो तर उद्या आपल्याच वस्तीत कोणाचे रक्त कमी भरते याचा रकाना कोणीतरी आखेलच. चेरोकींचा तो रकाना पुसायला १९८३ ते २०२१, अडतीस वर्षे गेली.

आमच्या मित्राने पुढच्या बैठकीत मस्कोगी राष्ट्राचे प्रकरण मांडायचे कबूल केले आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, १८६६ च्याच तहाच्या आधारे, फ्रीडमेनच्या बाजूने निकाल दिला. शेजारच्या चिकासॉ राष्ट्राने मात्र त्यांना आजवर नागरिक मानलेले नाही.